खळ्यावरचा आवाज

शहादा, ९ मे

बटणावर नेलेला हात मी मागे घेतला. तू जिना उतरत होतास. पडद्यावर प्रश्न होता : ही फाइल कायमची काढायची का? मी 'नको'वर दाबलं आणि खिडकीशी गेले. तोवर तू स्टँडकडे वळला होतास.

म्हणजे मी काढणार होते. हे तुला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

पत्र धडगावच्या जीपमध्ये देईन. निघण्यापूर्वी तू खळ्यावरचं तुझं खातं बंद केलंस. त्याबरोबर तुझा ईमेलही गेला, आणि तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही. इतकी वर्षं दोघांनी मिळून माझ्या वरच्या खोलीतल्या मशीनवर खळं चालवलं. ज्याचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प असेल त्याने यावं, आपला कोड ठेवावा, दुसऱ्याचा न्यावा. भाडं नाही, जाहिरात नाही. एवढ्या काळात एकमेकांना कागदावर लिहायची वेळ आली नव्हती.

तू उभा राहूनच बोललास. माझ्या आईने पाणी आणलं, तेही घेतलं नाहीस.

"आईचं गाणं काढ, शीलाताई."

"सभासदांना विचारावं लागेल."

"आई माझी आहे."

"आणि नियम कुणाचा आहे?"

हे मी बोलायला नको होतं. पण नियम तुझाच आहे, रायसिंग. कोकणी वाचनमालेच्या दोन मास्तरांचं भांडण झालं, एकाने रागाच्या भरात सगळं पुसलं आणि दुसऱ्याची मेहनत मातीत गेली. तेव्हा तूच म्हणालास की खळ्यावर आलेलं धान्य एकट्याने उचलून न्यायचं नाही. तुझं वाक्य आपण पहिल्या पानावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

गाणंही तूच चढवलंस. 'बोलती पावरी'साठी तू गावभर आवाज गोळा करत होतास. सातपुड्यात बदली झालेल्या नर्सला पावरी बोली येत नसेल, तर तिचा फोन तिच्या वतीने बोलेल, असं ते काम. तुझे मामा वारले तेव्हा रेकॉर्डर तुझ्या खिशात होता. तुझ्या आई, फुलवंताबाई, भावाच्या उशाशी बसून गायल्या. ते तू बाकीच्या आवाजांबरोबर ठेवलंस आणि त्यावर आपलं नेहमीचं लायसन्स लावलंस : कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, फक्त नाव द्यावं. मी तुला दोष देत नाही. क्रम सांगते आहे.

आता खापरच्या एका डीजेवाल्याने त्याखाली ढोल घातला आहे आणि ते लग्नात वाजतं. तुमच्याकडे कुणी मेलं नसेल तर ते गाणं घरात गुणगुणतही नाहीत, हे तू काल सांगितलंस. एका लग्नात फुलवंताबाई बायकांत बसल्या होत्या, समोर पोरं नाचू लागली, त्या उठल्या आणि न जेवता चालत घरी आल्या, हेही सांगितलंस. मी ऐकलं. ऐकताना मला नियम आठवत होता. हे खरं आहे म्हणून लिहिते.

तुझी पिशवी इथे राहिली आहे.

शीला


शहादा, २३ मे

पत्र पोचलं असं जीपवाला म्हणतो. "दिधं व्हतं, त्यासनी वाचं बी नही, खिशात घालं." वाचायला तुला एकांत लागतो, हे मला माहीत आहे.

मी खापरला जाऊन आले. डीजेवाल्याचं नाव बन्सीलाल. टेम्पोवर भोंगे चढवत होता. माणूस वाईट नाही; वाईट असता तर सोपं झालं असतं. मी खळ्यावरून आले म्हटल्यावर त्याने शर्टाची बटणं लावली आणि मला खुर्ची दिली.

"हाई गानं? हाई त हिट शे, ताई. नवापूरपावत चाली ऱ्हायनं."

"कुठून घेतलं?"

"तुमना खळावरथीन. लिखेल शे ना, कोनी बी ल्या. मी नाव बी टाकेल शे." त्याने फोन दाखवला. खरंच टाकलं होतं. लाल अक्षरांत 'आवाज : फुलवंताबाई', आणि मागे कुठल्या तरी नटीचा फोटो.

"हे मयताचं गाणं आहे, बन्सीलालभाऊ."

त्याने फोन खिशात घातला. मग टेम्पोत बसला.

"माले काय माहीत? माले ती भाषा समजस नही. माले वाटनं, माय पोरले हाका मारी ऱ्हायनी. शेतमाथीन घर बलाई ऱ्हायनी."

"मग आता?"

"मी नही वाजाडाव. पन दुसरासनं काय? पेन ड्राइव्ह कोठे कोठे गयात, माले सांगता येत नही." मग त्याने विचारलं, "ताई, तुमनावर ते अजून शे का?"

मी 'आहे' म्हणाले.

"मंग तुम्ही आधी काढा ना. मी नवरदेवना बापले काय सांगू?"

मी त्याला नियम सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं. त्याच्यासारखं नीट अजून कुणी ऐकलेलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हन्जे मी काही चुकेल नही." आणि तेही बरोबर होतं. आपल्या लायसन्समधली प्रत्येक अट त्याने पाळली होती. खळं सुरू केल्यापासून अशा माणसाची आपण वाट पाहत होतो, जो घेईल, त्याचं काहीतरी नवं करील आणि नाव देईल.

परतताना बसमध्ये कुणाच्या तरी फोनवर ते लागलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी काय झालं ते लिहीत नाही.

सभासदांपुढे विषय मांडला आहे. तू स्वतः काही लिहिलंस तर ते आधी वाचतील.

शीला


शहादा, १८ जून

श्री. रायसिंग पावरा यांस,

'बोलती पावरी' या प्रकल्पातील एक ध्वनिफाइल काढून टाकण्याच्या आपल्या मागणीवर सभासदांचं मत घेतलं. मागणी मान्य झालेली नाही. पुण्याच्या आणि नाशिकच्या सभासदांचं म्हणणं असं की एकदा मुक्त केलेली वस्तू भावनेच्या कारणाने परत घेतली, तर उद्या कुणीही कुठल्याही कारणाने घेईल, आणि मग खळ्यावर काही ठेवण्यात अर्थ उरणार नाही. फाइलीच्या प्रती इतरत्र आहेतच, त्यामुळे काढून उपयोगही नाही, असंही काहींनी लिहिलं. काढावी असं लिहिणारेही होते.

ही प्रत नियमाप्रमाणे पाठवत आहे. खळ्याच्या राखणदारांच्या यादीतून आपलं नाव अजून काढलेलं नाही.

शीला

आईने हे वाचायला मागितलं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो तुले ताई म्हनस ना? मंग हाई कोनले लिखी ऱ्हायनी तू, तहसीलदारले?" मी तसंच पाकिटात घातलं. हा मजकूर पाकीट परत उघडून लिहिते आहे.


शहादा, ११ ऑगस्ट

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या पत्रांना तुझं एकच उत्तर, तेही दोन ओळींचं : 'गुलाबसिंग काका गेले. आई गाऊ लागली तेव्हा त्यांचा नातू अंगणात नाचायला लागला. आईने गाणं सोडलं.'

पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं पुरेसं होतं, तरी मी वर तुझ्या पाड्यावर आले. का आले हे तू विचारलं नाहीस, कारण तू घरात आलाच नाहीस. मी जीपमधून उतरले तेव्हा तू खालच्या पट्टीत मक्यात होतास. मी हात केला. तू पाहिलंस आणि पुन्हा वाकलास. म्हणून आत काय झालं ते लिहिते. ते तुझ्या घरात झालं आणि तुला माहीत नाही, हे बरं नव्हे.

फुलवंताबाई चुलीपाशी होत्या. तुझ्या लेकीने, रविनाने, मला बसायला दिलं आणि दुभाष्याचं काम तिनेच केलं. आधी मला जेवायला लागलं. मक्याची भाकर, उडदाची डाळ. मी नको म्हणाले तर फुलवंताबाई रविनाला काहीतरी बोलल्या. रविना म्हणाली, "आजी विचारते, हिला पण लग्नात बसवलंय का, न जेवता जायला." मी जेवले.

मग गुलाबसिंगांच्या अंगणातलं मी विचारलं. फुलवंताबाईंनी जास्त सांगितलं नाही. रविना तिथे होती, तिने सांगितलं. मयत बाहेर ठेवलं होतं. बायका बसल्या. फुलवंताबाईंनी पहिली ओळ धरली, दुसऱ्या ओळीला तो नातू उठला आणि डीजेपुढे नाचतात तसे हात वर करून नाचू लागला. त्याला वाटलं, चांगलं काहीतरी सुरू झालं. त्याच्या आईने त्याला ओढून खाली बसवलं. फुलवंताबाईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो उठला नाही, बसल्या जागी त्याची मान हलत होती. आणि मग मागच्या पोरांतलं कुणीतरी हसलं. फुलवंताबाई थांबल्या. गुलाबसिंगांना गाण्याशिवाय नेलं.

"त्यांच्या घरचे काही म्हणाले का?" मी विचारलं.

"नाही ना. तेच तर," रविना म्हणाली. "नंतर वरच्या पाड्यावर एक म्हातारी वारली. आजीला बोलावलंच नाही."

मी म्हणाले, "सांग त्यांना, मी गाणं काढते. नियम राहू दे. घरी गेल्याबरोबर काढते."

फुलवंताबाई हात पुसून माझ्यासमोर बसल्या.

"माझा आवाज हिच्या घरात कुठे ठेवलाय, विचार."

"वरच्या खोलीत."

"एकटाच?"

"नाही. तिथे पुष्कळ जण आहेत."

"बाप्ये पण?" रविनाला हसू आलं. मी म्हणाले, आहेत. फुलवंताबाईंनाही थोडं हसू आलं. मग त्या बराच वेळ बोलल्या आणि रविना टप्प्याटप्प्याने सांगत गेली.

गाणं काढू नकोस, त्या म्हणाल्या. ते गेलं. ते आता बाजावाल्याचं आहे, तुझ्या खोलीतून काढून ते माझ्याकडे येत नाही. बाकीचं काढ. बाळाला गुरुवारी आण, पाणी उकळून पी, ताप असेल तर सांग, असं मी रायसिंगच्या यंत्रापुढे बसून बसून बोलले आहे. ते अजून कुणी लग्नात वाजवलेलं नाही. ते काढ.

मी सांगितलं की ते चांगल्या कामाचं आहे. सांगितलं की पलीकडच्या उपकेंद्रात प्रमिलाबाई नावाच्या नर्स आहेत, खालच्या गावच्या, त्यांना पावरीचा एक शब्द येत नाही, आणि बाळांना घेऊन बाया येतात त्या फुलवंताबाईंचा आवाज ऐकून. मी बाळं मध्ये आणली, रायसिंग. बाळांचं नाव काढलं की कुणीही ऐकतं, असा माझा हिशेब होता.

रविनाने सांगितलं. फुलवंताबाई एकच वाक्य बोलल्या. रविनाने ते मला दिलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. शिवी होती."

"आणि पुढे?"

"पुढे म्हणते, त्या बाईला पावरी शिकायला सांगा. माझी पोरं मोठी झाली."

मला राग आला. लपवून काय करू? एवढी वर्षं आपण केलेलं काम एका बाईच्या रुसण्यापायी जाणार, असं मनात आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती तरी तेवढं कळलं असावं. त्यांनी माझ्या ताटात आणखी डाळ वाढली.

मग मी शेवटचं विचारलं. गाताना रायसिंगने विचारलं होतं का, मशीन चालू करू का म्हणून.

"भाऊ मेला होता," रविनाने भाषांतर केलं. "कोण कशाला विचारतंय?"

बाहेर आले तेव्हा तू अजून मक्यात होतास. जीप भरायची होती. पुष्कळ वेळ होता.

जूनमधलं एक राहिलं आहे. मतं सारखी पडली होती. सारखी पडली की राखणदाराचं मत घेतात, आणि राखणदार दोघं असतात. तू नव्हतास. मी एकटीने दिलं.

शीला


शहादा, २ सप्टेंबर

पुसलं.

फुलवंताबाईंचं सगळं. बोललेलं, गायलेलं, आणि मध्येच त्या तुला 'बस कर आता' म्हणतात तेही. सभेला विचारलं नाही. पहिल्या पानावरचं तुझं वाक्यही काढलं, कारण ते ठेवून हे करता येत नव्हतं. दुसरं वाक्य लिहायला बसले. सुचलं नाही. जागा रिकामी आहे.

आता काय होईल ते तुला माझ्यापेक्षा आधी कळलं असेल. फुलवंताबाईंचा आवाज गेला की 'बोलती पावरी'त फारसं काही उरत नाही. बाकीचे आवाज तुटक आहेत. तू त्यांच्या आवाजावरच सगळं उभं केलं होतंस. नर्सच्या फोनमधलं ॲप ठरावीक वेळाने खळ्याशी जुळवून घेतं. एखादा उच्चार आपण सुधारला की तो त्यांच्याकडे आपोआप पोचावा म्हणून ती सोय तू केलीस. आता त्याच वाटेने त्यांच्याकडचंही पुसलं जाईल. पेन ड्राइव्ह कशाशीच जुळवून घेत नाहीत. जे आपल्याशी जोडून राहिले त्यांच्याकडूनच ते जाणार आहे.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. खळ्यावर आता भरवसा कसा ठेवायचा, असं विचारलं. मी म्हणाले, ठेवू नका. ते आपला प्रकल्प हलवणार आहेत. कोकणीवाले मास्तर राहतो म्हणाले. ज्यांचं पुसलं गेलं होतं ते. का राहता, हे मी विचारलं नाही. त्यांना वेगळं काही वाटत असेल आणि ते त्यांनी बोलून दाखवलं तर, अशी भीती वाटली.

आई वर आली होती. मशीनमागच्या गरम हवेत ती हल्ली पापड वाळवते. मी पडद्यासमोर नुसती बसलेली पाहून तिने विचारलं, "काय करी ऱ्हायनी?"

"काढलं, माय. त्या बाईंचं."

"बरं करं." पापड पालटत ती म्हणाली. "मंग तो येई का आते?"

"नाही."

"मंग काढं कसाले?"

मेमध्ये काढलं असतं तर एक फाइल गेली असती, आणि तू पाणी पिऊन गेला असतास. तेव्हा ते लग्नांतच वाजत होतं, कुणाच्या अंगणात मयत नव्हतं आणि त्या पोराला ते अजून पाठ झालं नसेल. झालंही असेल. मला ते धरून चालायला आवडतं की झालं नव्हतं, कारण मग निदान चूक मोजता येते.

तुला बोलवत नाही. राखणदारांच्या यादीतलं तुझं नाव मात्र मी आज काढलं. तू खातं बंद केल्यावरही मी इतके दिवस ते ठेवलं होतं, आणि ठेवण्यात माझा मान होता, तुझा नव्हता.

बसमध्ये ते गाणं लागलं होतं, असं खापरहून आल्यावर लिहिलं होतं. तेव्हा माझा पाय ठेक्यावर हलला. फुलवंताबाईंसमोर बसले तेव्हा हे सांगावंसं वाटलं होतं. रविनाला भाषांतर करावं लागलं असतं म्हणून सांगितलं नाही.

तुझी पिशवी या पत्राबरोबर पाठवते. जीप उद्याच्या पहिल्या फेरीला निघेल.

शीला


३ सप्टेंबर

पत्र अजून दिलेलं नाही, म्हणून खाली लिहिते. सकाळी प्रमिलाबाईंचा निरोप आला. आज लसीकरण आहे, बाया बाळांना घेऊन बसल्या आहेत, फोन बोलत नाही, काय करू, असं विचारलं होतं. मी लिहिलं, आवाज काढला आहे, परत येणार नाही. त्यांनी लिहिलं, बरं, खुणांनी सांगते.